ही कुठून आणलीस?

डी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्रात मला शंभरात बहात्तर मार्क होते. तांबे गुरुजींना एकेचाळीस. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही मी शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी. वर म्हणाले, "म्हणजे तुम्ही हुशार. बरं झालं. मला कायम काहीतरी विचारायचं असतं, नि इथं विचारायला कोण नाय."

मला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. पुढे कळलं की या माणसाला टोमणा मारताच येत नाही. त्यांनी खरंच विचारलं. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "सर, पोरगं चुकतं तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते तुमच्या पुस्तकात होतं का हो?" मी त्यांना कुत्रा, घंटा आणि लाळ हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. पण आपल्याकडं घंटा वाजली की पोरं घरी जातात."

आमची शाळा पोलादपूरहून कशेडी घाटाच्या अंगाला, एका वाडीत. एस.टी. खाली सोडायची, तिथून पाऊण तास चढ. दोन खोल्या, चार इयत्ता, चौदा मुलं आणि आम्ही दोघं. मुलांच्या भाषेत एक गुरुजी आणि एक सर. गुरुजी म्हणजे ते, सर म्हणजे मी. हा फरक वयाचा आहे असं मी बरेच दिवस समजत होतो.

गुरुजी दासगावचे. दोन गाड्या बदलून यायचे. मी महाडहून बाईकवर यायचो, महाड स्टँडवर त्यांना घेणं सहज जमलं असतं, पण ते कधी मागे बसले नाहीत. "कंबर माझी हाय, बाईक तुमची हाय," एवढंच म्हणायचे. अंगात पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, खिशाला दोन पेनं, दोन्ही निळी. लाल पेन त्यांनी नोकरीत कधी वापरलं नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "लाल दिसलं की पोरगं वही मिटतं. मिटलेल्या वहीचं मी काय करू?"

त्यांच्या वर्गाबाहेर चपलांची रांग असायची आणि प्रत्येक चपलेत एक खोडरबर. हा त्यांचा नियम. वर्गात येताना चप्पल बाहेर, खोडरबर चपलेत. नव्या पोराला वाटायचं, ही काय भानगड! पण चार दिवसांत सवय व्हायची. "चूक पुसायची नाय," गुरुजी सांगायचे. "पुसलीस तर मला कशी कळणार?" मुलानं काही भलतंच लिहिलं की गुरुजींचा चेहरा उजळायचा. खोटं सांगत नाही, खरोखर उजळायचा. ते मुलाशेजारी मांडी घालून बसायचे, पाटीवर बोट ठेवायचे आणि कौतुकानं विचारायचे, "वा! ही कुठून आणलीस गो?" रानातून पोरीनं करवंदं आणली असावीत अशा थाटात. मग थांबायचे. त्यांचं ते थांबणं म्हणजे मला शिक्षा होती. मूल बोलेपर्यंत ते हलत नसत. मी पलीकडच्या खोलीत तिसरीचा अख्खा धडा संपवायचो, इकडे गुरुजी अजून एका चुकीपाशी.

मग ती चूक वहीत जायची. जाड पुठ्ठ्याची वही, चार रकाने. नाव, चूक, तारीख, आणि शेवटचा रकाना "का?". हा शेवटचा रकाना पुष्कळदा रिकामा राहायचा. कधीकधी महिन्यानं भरायचा. अशा वह्या त्यांच्या घरी किती होत्या कोण जाणे. त्यांची बायको म्हणे माझ्या बायकोला एकदा म्हणाली होती, "लोकांच्या घरात पोरांचे फोटो असतात, आमच्याकडं पोरांच्या चुका हायत."

एकदा माझ्या तिसरीनं अंकलेखनात घोटाळा केला. मी म्हटलं एकोणसाठ, आणि पाचांपैकी चार पोरांनी लिहिलं ६९. मी चिडलो. दहादहा वेळा लिहा म्हटलं. गुरुजी दारात उभे होते. मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "सर, चूक तुमची नाय नि त्यांचीबी नाय. तुम्ही हाक कोणाला मारलीत? साठला. पोरं साठच्या घरी गेली. आपल्या भाषेनंच हाक चुकीच्या दारात मारलीय. दहादा लिहून ती दहादा त्याच दारात जातील." मग त्यांनी पोरांना अंगणात नेलं, दगडांची घरं मांडली आणि साठच्या दारात एकाला उभं करून म्हणाले, "एकोण म्हणजे एक पाऊल मागं." तो एक पाऊल मागे गेला आणि पन्नाशीच्या घरात पडला. पोरं खिदळली. त्यानंतर माझ्या वर्गात ते पुन्हा कोणी चुकलं नाही. मी मात्र हे माझ्याच नावावर केंद्राच्या बैठकीत सांगून टाळ्या घेतल्या. गुरुजी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

वरिष्ठांशी त्यांचं कधी जमलं नाही. एकदा एक साहेब तपासणीला आले. चौथीतल्या एका पोराला त्यांनी विचारलं, सात आठे किती? पोरगं वर बघून विचार करायला लागलं. साहेबांनी तीन मोजेपर्यंत वाट पाहिली आणि स्वतःच म्हणाले, "छप्पन्न! एवढं येत नाही?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, त्याच्या तोंडाशी आलेला घास तुम्ही खाल्लात." मी जीभ चावली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद मंद.' गुरुजींनी तो शेरा वाचला, खिशातलं निळं पेन काढलं आणि आपल्या वहीत साहेबांचं नाव लिहून पुढे नोंद केली : 'थांबता येत नाही.' का? हा रकाना त्यांनी रिकामा ठेवला.

महाडला प्रशिक्षण होतं तेव्हाची गोष्ट. विषय ज्ञानरचनावाद. तज्ज्ञ मार्गदर्शक पडद्यावर दाखवत होते : मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं. आम्ही सगळे उतरवून घेत होतो. गुरुजींनी हात वर केला. "सर, पोरानं रचलं, पण ते आपल्याला दिसलंच नाय तर?" मार्गदर्शक म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी जेवण होतं. पुलाव आणि गुलाबजाम. प्रश्न राहिला.

तो प्रश्न घेऊन सानिका आमच्या शाळेत आधीच बसलेली होती. आम्हाला ठाऊक नव्हतं इतकंच.

सानिका चौथीत. आई नव्हती, बाप मुंबईला एका हॉटेलात कामाला, पोर वाडीत आजापाशी. आजा गवत कापून पेंढ्या बांधायचा आणि खालून टेम्पो आला की विकायचा. पोरगी बोलायला चुणचुणीत, कविता पाठ, चित्रं सुरेख. पण गणित म्हणजे आनंदीआनंद! एकोणीसपर्यंत बिनचूक, विसापासून घसरगुंडी. वीस म्हटलं की लिहायची १०. चाळीसला २०. शंभराला ५०. मी म्हटलं, ही सगळ्याचं निम्मं करते. गुरुजींनाही तसं वाटलं होतं. पण पन्नासला तिनं लिहिलं २१०. आणि सत्तरला ३१०. आता सत्तरचे तीनशे दहा कुठल्या हिशेबानं होतात?

"वा! ही कुठून आणलीस गो?" गुरुजींनी विचारलं. पोरगी नुसती हसली. तिला कळतच नव्हतं की यात विचारण्यासारखं काय आहे. तिनं सत्तर लिहिलं होतं.

गुरुजी त्या ३१०पाशी किती दिवस बसले असतील! एस.टी.त बसले तरी बोटानं मांडीवर तेच गिरवत. जेवताना डबा उघडा ठेवून म्हणायचे, "सर, हे उगाच नाय. उगाच चुकणारं पोरगं रोज वेगळं चुकतं. ही रोज तेच लिहिते. तिच्याकडं काहीतरी पक्कं हाय."

नेमकी त्याच दिवसांत चाचणी आली. प्रत्येक मुलाची पातळी ठरवून ऑनलाइन भरायची. चाचणीला बाहेरून माणूस आला होता. सानिकाच्या पाटीकडे बघून तो मला म्हणाला, "ही विशेष गरजेतच टाका." गुरुजींना मोबाईलमधलं कळत नसे, म्हणून भरणं माझ्याकडे. वाडीत रेंज नाही. रेंज वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, तीही उभं राहून. शेवटची तारीख दोन आठवड्यांवर होती. गुरुजी मला म्हणाले, "सर, तेरा पोरांचं भरा. सानिकाचं आठ दिवस राहू द्या. ही चूक मला अजून कळलेली नाय. कळल्याशिवाय तिच्या नावापुढं काय लिहू नका."

मी बरं म्हणालो.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी टेपावर उभा राहून मी चौदाच्या चौदा भरून टाकली. रेंज चांगली होती. पुन्हा चढून कोण येणार! सानिकाच्या नावापुढे खाली येणारी यादी उघडली, त्यातलं एक निवडलं, बटण दाबलं. हिरवी खूण आली. मी खाली उतरलो, बाईक काढली आणि अंधार पडायच्या आत महाडला घरी पोचलो.

त्यानंतर सहाव्या दिवशी गुरुजी शाळेत आले ते धापा टाकत. चढावर पळत आले होते, त्या वयात! आदल्या संध्याकाळी ते सानिकाच्या घरी जाऊन बसले होते. काही विचारलं नाही, नुसते बसले. आजा पेंढ्या मोजत होता. वीस झाल्या की आजा म्हणे, "एक ईस," आणि सानिका एक खडा बाजूला ठेवी. पुन्हा वीस, दुसरा खडा. पुन्हा वीस, तिसरा खडा. वर दहा उरल्या. टेम्पोवाला म्हणाला, "सत्तर झाल्या ना म्हाताऱ्या?" आजा म्हणाला, "तीन ईस नि दहा." आणि पोरीनं जमिनीवर काडीनं लिहिलं : तीन. त्याच्या पुढे दहा.

"तीनशे दहा नाय हो सर ते! तीन ईस नि दहा!" गुरुजी ओरडत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. "वीसला एक खडा, वर काय नाय, म्हणून दहा दिसतं. चाळीसला दोन खडे. शंभराला पाच. एकदासुद्धा चुकलेली नाय ती! टेम्पोवाला एक भाषा बोलतो, आजा दुसरी बोलतो, नि ही नऊ वर्षांची पोर मधे बसून दोघांना जोडते. तिला फक्त एवढं सांगायचं हाय की आपण शाळेत विसाला नाय, दहाला खडा ठेवतो. पंधरा दिवसांचं काम. आता भरा तिचं."

मी सांगितलं, भरलंय.

त्यांनी वही पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "बदलता येतं ना?"

नाही. एकदा भरलं की कुलूप. मी फोन केले, अर्ज दिला, गुरुजींनी स्वतः महाडला दोन खेपा घातल्या. सगळे गोड बोलायचे. पुढच्या वर्षी पोर्टल उघडेल तेव्हा बघू म्हणायचे. गुरुजी सगळ्यांना ३१० काढून दाखवायचे. लोक घड्याळाकडे बघायचे. इकडे ते सानिकाला रोज वेगळं घेऊन बसत होते, आणि पोर पटापट दहाचे खडे मांडायला लागली होती. पेन्सिल घेऊन लिहायचं तेवढं बाकी होतं.

पण गणपती आले. गणपतीत सगळी मुंबई कोकणात येते, तसा सानिकाचा बापही आला. चाचणीनंतर पालकांना येतं ते पत्र घरी पडलेलं होतंच, त्यात 'विशेष गरज' असं छापलेलं. तो शाळेत आला त्या दिवशी गुरुजी सानिकाच्याच कामासाठी पोलादपूरला गेले होते. शाळेत मी. त्यानं पत्र पुढे केलं. "सर, ह्यात काय लिवलंय?"

मी खूप काही बोललो. पोरगी हुशार आहे, आजा असं असं मोजतो, गुरुजींनी शोधून काढलंय, पंधरा दिवसांचं काम आहे. तो मान हलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ते समदं खरं. पन कागदावर हाय ना सर?"

मी म्हटलं, "आहे."

"मंग झालं तर. माझा भाऊ मुंबईला ऱ्हातो, त्याचं पोरगं लहान हाय, वहिनी कामाला जाते. ही सांभाळील पोराला. डोकंच नाय तर शाळेत काय करनार?"

गुरुजी परत येईपर्यंत सानिकाला घेऊन मुंबईची गाडी कधीच निघून गेली होती. ते तसेच सानिकाच्या घरी गेले. आजा पेंढ्या बांधत होता. खडे तो आता एकटाच ठेवत होता. गुरुजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी भांडण करायला तयार होतो, माझ्याकडे कारणं होती. त्यांनी भांडणच काढलं नाही.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. पट घटला म्हणून आमची शाळा खालच्या गावातल्या शाळेत मिसळली, मला महाडजवळ जागा मिळाली. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं रीतसर झालं. त्यानंतर आमची गाठ क्वचित पडायची.

मागच्या शिमग्याला त्यांचा फोन आला. "सर, सानिका आलीय म्हणतात चार दिवस. येता का?" मी जायला नको होतं, पण नाही म्हणता आलं नाही. मी पोलादपूरला थांबलो, ते एस.टी.नं आले, आम्ही दोघं चढून गेलो. ते तीनदा वाटेत बसले.

सानिका अंगणातच होती. उंच झाली होती, कडेवर चुलत्याचं नंतर झालेलं दुसरं पोर. "गुरुजी!" म्हणून ओरडली, वाकून पाया पडली, मग माझ्याही पडली. आजा गेल्या पावसाळ्यात वारला होता. गुरुजी ओट्यावर टेकले. जरा वेळानं त्यांनी काडी उचलून तिच्यासमोर धरली. "सत्तर लिहून दाखव गो."

ती लाजली. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "नाय वो गुरुजी. मला नाय येत. मी ढ हाय ना."

गुरुजींनी काडी स्वतः घेतली आणि मातीत लिहिलं : ३१०. "हे तुझं. ओळखलंस? हे बरोबर होतं गो. हेच सांगायला आलो."

तिनं वाकून बघितलं. मनापासून आठवायचा प्रयत्न केला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाली, "हे तर तीनशे दहा हाय. आमच्या बिल्डिंगीत तिसऱ्या माळ्यावर हाय की, तीनशे दहा नंबर. मी रोज दूध देते तिथं."

"कोणी शिकवलं तुला वाचायला?"

"कोण शिकवनार? लिफ्टमधे आकडे असतात ना."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. जे आम्ही पंधरा दिवसांत करणार होतो, ते पोरीनं लिफ्टमध्ये उभ्या उभ्या, कडेवर पोर घेऊन करून टाकलं होतं. गुरुजी म्हणाले, "मग ढ कोण म्हणतं तुला?"

"समदेच म्हनतात," ती सहज म्हणाली. "कागदावर हाय ना तसं." पोर रडायला लागलं, तशी त्याला थोपटत ती आत गेली. आतून म्हणाली, "चा ठेवते, बसा."

गुरुजींनी चहा घेतला. तिच्या चुलत्याशी बोलले, बापाशी फोनवर बोलले, हात जोडून बोलले. बाप 'बगू गुरुजी, बगू' म्हणाला. उतरताना गुरुजी वाटेत कुठेही बसले नाहीत.

पोलादपूर स्टँडवर महाडची गाडी यायला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "गुरुजी, पण आकडे शिकली की हो पोर!" त्यांनी पिशवीतून वही काढली. तीच, जाड पुठ्ठ्याची. मला वाटलं, सानिकाचं पान काढतील. त्यांनी कोरं पान काढलं आणि नावाच्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलं. चुकीच्या रकान्यात लिहिलं : 'आठ दिवस थांबा म्हटलं होतं. थांबले नाहीत.' तारीख लिहिली, ती त्या संध्याकाळची. त्यांना पाठ होती.

मग त्यांनी पेन "का?" वर टेकवलं आणि माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग असेल म्हणून मी मान खाली घातली होती. वर बघितलं तर तोच चेहरा, पोरांच्या पाटीशेजारी बसताना असायचा तो. कौतुक नव्हतं, पण उत्सुकता होती, खरीखुरी.

"ही कुठून आणलीत, सर?" त्यांनी विचारलं. "सांगा. घाई नाय मला."

रेंज, चढ, शेवटची तारीख, अंधार. इतकी वर्षं तयार ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं, आणि त्यातलं एकही त्या रकान्यात लिहिण्याच्या लायकीचं नव्हतं. ते थांबले. महाडची गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टर ओरडायला लागला, तरी ते थांबले. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून गाडीत चढवलं.

त्यांना खिडकी मिळाली. गाडी मागे वळत होती तेव्हा मी खाली उभा होतो. वही त्यांच्या मांडीवर तशीच उघडी होती, हातात पेन होतं, आणि ते माझ्याकडे बघत थांबले होते.